झाकलेला गणपती

गेल्या महिन्यात एका बुधवारी आमच्या प्रताप नगरातल्या छापखान्यात एक लहानसा पेच पडला. आधी वाटलं, कॉम्प्युटरचाच आहे...

दिवाळीनंतर आम्ही छपाईचे शिशाचे खिळे जुळवणं कमी केलं आणि कॉम्प्युटर घेतला. सोबत पुण्याच्या एका कंपनीचं पत्रिका सजवायचं सॉफ्टवेअर आलं, फ्लॉपीवर. वेली, कलश, तोरणं सगळं तयार, आपण फक्त नावं टाकायची. नागपुरात असं काम करणारे अजून थोडेच, त्यामुळे नमुने पाहायला लोक लांबून येतात.

तसेच मेश्रामभाऊ आले. रेल्वेत फिटर आहेत, मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी घरी नेलेल्या नमुन्यांतली पिंपळपानांची चौकट मुलीला फार आवडली. मैत्रिणींना सांगूनही झालं होतं, पत्रिका हीच.

अडचण एकच. त्या चौकटीच्या माथ्यावर गणपती होता आणि मेश्राम बौद्ध आहेत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली. गणपतीच्या जागी लावायला त्यांनी बुद्धाचं चित्र आणलं होतं, वर्तमानपत्राच्या घडीत जपून.

कॉम्प्युटरवर आमच्या कुंदाताई बसतात, पूर्वी त्याच खिळे जुळवायच्या. त्यांनी गणपती पुसायचा प्रयत्न केला, तर मशीन नुसतं टुंग करायचं आणि गणपती जागच्या जागी. मग मी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला.

तिकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, चित्र मुद्दामच लॉक केलंय, चुकून कुणाच्या हातून पुसलं जाऊ नये म्हणून. गिऱ्हाइकांनीच तसं मागितलं होतं. मग म्हणाला, "काका, गणपती काढायचाय म्हणून फोन करणारे तुम्ही पहिलेच. तुम्हाला काही अडचण आहे का त्याची?"

"मला कसली? मी रोज त्याला नमस्कार करूनच मशीन सुरू करतो," मी म्हटलं. "पण पत्रिका माझी नाही ना."

मग त्यानं उपाय सांगितला. गणपतीवर तेवढ्याच मापाची पांढरी चौकट ठेवा आणि तिच्यावर हवं ते चित्र लावा. कागदावर काही कळणार नाही.

तसं केलं. प्रूफ छान आलं. मला मात्र आतून बरं वाटेना... का, ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मेश्राम मुलीला घेऊन प्रूफ पाहायला आले. मुलगी खूश. फक्त मामाचं नाव दुरुस्त करायचं होतं, म्हणून कुंदाताईंनी पान पडद्यावर उघडलं. दुरुस्ती करताना ती पांढरी चौकट जराशी सरकली आणि मागून सोंड आणि एक कान दिसला.

मेश्राम पुढे वाकले. "म्हणजे तो आतमंदी हायेच?"

कुंदाताईंनी समजावलं, कागदावर नाही येत.

"नाही येत वं बाई. पर मले मालूम झालं ना आता."

"बाबा, कोनाले दिसते?" मुलगी हळूच म्हणाली.

"मले दिसून राहिला ना."

ते रागावले नव्हते, त्यामुळे बोलणं आणखी अवघड. म्हणाले, दीक्षेनंतर बापानं घरातले देव नदीत सोडले, आजी रडली तरी सोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माह्या बापानं देव सोडले भाऊ, लपवले नाही. राहू द्या, आमी साधी पत्रिका छापून घेऊ." मुलगी पडद्यावरच्या पिंपळपानांकडे पाहत राहिली.

तेव्हा मला माझी कालची बेचैनी कळली. गावच्या शाळेत आम्ही पाटीवर आधी गणपतीच्या नावानं श्री काढायचो, मग धडा. तो पुसायचा झाला तर थुंकी लावायची नाही, स्वच्छ पाण्यानं पुसायचा, असं गुरुजींनी शिकवलेलं. आणि इथे मी गणपतीच्या तोंडावर पांढरं ठिगळ लावून बसलो होतो... झाकलेला गणपती मेश्रामांनाही नको होता आणि मलाही.

मी कुंदाताईंना म्हटलं, ती पांढरी चौकट काढा, गणपतीसकट पान छापा. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

पान आलं. मी मनात नमस्कार केला, पट्टी धरली आणि ब्लेडनं माथ्यावरचा गणपती अलगद कापून काढला. उरलेली पिंपळपानं कोऱ्या कागदावर चिकटवली, मधल्या जागी बुद्धाचं चित्र. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा आम्ही असंच करायचो, आणि छपाईची निगेटिव्ह शेवटी अशा कागदाचा फोटो काढूनच निघते.

मेश्रामांनी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मागून पाहिला, पुढून पाहिला. "आता बराबर," एवढंच म्हणाले. मुलगी हसली.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं गणपतीचा तो कापलेला तुकडा टेबलावरून उडून फरशीवर पडला. मी वाकायच्या आधी मेश्राम वाकले. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, फुंकर मारून धूळ काढली आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"धरा भाऊ. तुमचा खाली पडला होता."

त्या शनिवारी दुसऱ्या कामासाठी पुण्याला फोन केला, तर तोच मुलगा. त्यानं विचारलं, पांढऱ्या चौकटीनं काम झालं ना. मी म्हटलं, जमलं तर पुढच्या फ्लॉपीत ते कुलूप काढून टाका, तो कुलपात राहणारा नाही. तो हसला, साहेबांना सांगतो म्हणाला.

पत्रिका छापून गेल्या, एक आमच्या घरीही आली आहे. तो तुकडा मी मॉनिटरच्या वर लावलाय. सकाळी हात जोडले की हल्ली मेश्रामांची ती फुंकर आठवते... आणि मग दिवसाचं काम सुरू होतं.