कुठनं सर आणि नऊ नंबरचा रकाना

माणूस दिसला की त्याला "कुठनं आलासा?" असं विचारल्याशिवाय आमच्या सरांना चैन पडत नसे. लग्नात अक्षता पडल्या की नवऱ्यामुलाच्या हातात पाकीट ठेवून विचारायचे. इंजेक्शन टोचणाऱ्या नर्सबाईंना दंड पुढं करून विचारायचे. एकदा त्यांच्या गल्लीत चोर सापडला. लोक त्याला यथेच्छ बडवत असताना सर गर्दीत घुसले आणि म्हणाले, "थांबा, थांबा जरा. कुठनं आलास रं?" चोर रडत म्हणाला, "चिकोडीकडनं." "कशानं आलास?" "बसनं." सरांचा चेहरा उजळला. लोकांकडं वळून म्हणाले, "बघा! पूर्वी तिकडचा माणूस असल्या कामाला निपाणीत येत नव्हता. आपल्या गावाचं प्रभावक्षेत्र वाढलं!" लोक इतके बुचकळ्यात पडले की चोर तेवढ्यात पसार झाला.

त्यांना सगळं कॉलेज 'कुठनं सर' म्हणायचं. निपाणीतल्या आमच्या कॉलेजात ते मानवी भूगोल शिकवत. विभाग म्हणजे एक खोली, एक सर आणि भिंतीवर जगाचा एक नकाशा, ज्यात रशिया अजून फुटला नव्हता. भूगोल कुणी हौसेनं घेत नसे. माझंच बघा. मी जवळच्या भोज गावचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या आप्पांचं म्हणणं, पोरानं कॉमर्स करावं. माझे मार्क बघून कॉमर्सवाल्यांचं म्हणणं, पोरानं दुसरं काहीही करावं. असल्या पोरांना सर जून महिन्यात कॉलेजच्या फाटकातच गाठायचे. कारण त्यांना आयुष्यात एकच भीती होती, विभाग बंद पडण्याची. पट दहाच्या खाली गेला की कुलूप, असा संस्थेचा नियम. आमच्या वर्गात आम्ही अकरा होतो, त्यामुळं सर आमच्या तब्येतीला फार जपायचे. कुणी शिंकलं तरी खिडकी लावायचे.

हजेरी ते गावासकट घ्यायचे. वर्गात माझ्यासकट तीन पाटील होते. "पाटील, बेनाडी. पाटील, भोज. पाटील, सौंदलगा." मस्टर उघडलेलं असे, पण सर बघायचे आमच्या तोंडांकडं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला चष्मा लागलाय आणि लाज वाटते म्हणून लावत नाही. सरांची टिंगल करण्यात मी पहिला होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

पहिल्या वर्षी सरांनी शिकवलं की माणूस मातीनं घडतो. खानापूरकडं पाऊस फार, म्हणून तिकडची माणसं सोशिक. निपाणीची जमीन तंबाखूची, म्हणून इथली माणसं तिखट. मी उठून म्हणालो, "सर, आमचे आप्पा तंबाखूच लावत्यात, पण बैलालासुद्धा आवाज चढवून बोलत न्हाईत." सरांनी क्षणभर डोळे मिटले. "तुमच्या रानात चुनखडी असणार," म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्याकडं वळले. संध्याकाळी मी आप्पांना चुनखडीचं सांगितलं. आप्पा म्हणाले, "आसंल."

पुढच्या जूनला विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आला. जगात एखादा विचार जुना होऊन अडगळीत पडला की मग तो सावकाश तवंदी घाट उतरून निपाणीत यायचा. सरांनी त्याच वहीत, त्याच पानावर 'माती माणसाला घडवते' ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'निसर्ग पर्याय देतो, माणूस निवड करतो'. पानाच्या बाकीच्या मजकुराला त्यांनी हात लावला नाही. खानापूरची माणसं सोशिकच राहिली, फक्त आता ती स्वखुशीनं सोशिक होती.

यात मेला बिचारा खोत. तो आमच्यात मागच्या वर्षातनं आलेला. त्यानं पहिल्यांदा पेपरात 'माणूस निवड करतो' असं लिहिलं, तेव्हा माती चालू होती, म्हणून नापास. मग रात्रंदिवस माती घोकली, तोवर निवड चालू झाली, पुन्हा नापास. त्यानं हात जोडून विचारलं, "सर, यंदा काय धरू तेवढं एकदा सांगून टाका." सर गंभीरपणे म्हणाले, "दोन्ही वाच. आपला विषय जिवंत आहे." खोत म्हणाला, "विषय जिवंत हाय वो, मेलो आमी!"

तिसऱ्या वर्षी आकडे आले. आता माती नको, निवड नको, मोजा. सरांनी प्रश्नावली छापून आणली. प्रश्न चारच : कुठनं आलासा, कशानं आलासा, कशासाठी आलासा, आणि दुसरीकडं का गेला न्हाईसा. प्रत्येक उत्तराला नंबर. नोकरी एक, लग्न दोन, असं करत शेवटचा नऊ : 'इतर, तपशील द्या', आणि पुढं एवढीशी रेघ. हा नऊ नंबर छापायचा पण वापरायचा नाही, असा सरांचा दंडक होता. "इतर म्हणजे सर्वेक्षकाचा आळस," ते टेबलावर डस्टर आपटून म्हणायचे. "माणसाला कारण असतंच. तुम्ही नीट विचारलं न्हाई, एवढाच त्याचा अर्थ."

सर्वेक्षणाला आम्हाला कोगनोळीला नेलं. आमच्या सीमाभागात वही-पेन घेऊन कुणी दारात उभं राहिलं की माणूस आधी चाचपतो, हा कुठल्या सरकारचा? "कर्नाटकाचं का म्हाराष्ट्राचं?" "कॉलेजचं." "ते आसू दे. पर कुनाच्या बाजूचं?" एका आण्णांनी खोताला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मातृभाषेचा प्रश्न आल्यावर अदबीनं विचारलं, "तुमास्नी कंची पायजे?" भाषेचा हा प्रश्न सरांनी खास कोगनोळीसाठी हातानं लिहून वाढवला होता, तो असा अंगलट आला.

माझ्या वाट्याला एक आजी आली. मी विचारलं, "घरात कुठली भाषा बोलता?"

"पोराशी मराठी. म्हशीशी कन्नड."

"म्हशीशी?"

"चिकोडीच्या बाजारातनं आणलीया. तिला मराठी कळत न्हाय."

मी निमूटपणे नऊ टाकला. बसथांब्यावर सरांनी कागद तपासले आणि माझा कागद माझ्याच छातीवर दाबून म्हणाले, "परत जा." बस समोर उभी होती, उन्हानं डोकं तापलेलं. मी पाय आपटत परत गेलो. आजी म्हणाली, "मास्तर लई कडक हाय व्हय रं तुजा? ल्ही मग दोन्ही भाषा. म्हशीचंबी नाव ल्ही, गौरी." येईपर्यंत बस गेली होती आणि सर एकटे थांब्यावर बसले होते. त्यांनी म्हशीच्या नावासकट उत्तर वाचलं आणि म्हणाले, "आता कसं!" पुढची बस दीड तासानं आली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बातमी फुटली की बेळगावात टिळकवाडीतल्या एका कॉलेजनं सरांना बोलावलंय. सर मूळचे बेळगावातल्याच खासबागेतले. आई तिथं एकटीच राहायची. दर रविवारी सर तिला भेटायला जायचे आणि जातायेता बसमधल्या प्रवाशांचे फॉर्म भरायचे. टिळकवाडीत नोकरी म्हणजे घरातनं सायकलवर जायचं. सरांचं भलंच होतं, पण आमचं मात्र वाटोळं. सर गेले तर नवा माणूस द्यायचा नाही, विभागाला कुलूप लावायचं, असं संस्थेनं ठरवूनच ठेवलं होतं. आम्ही शेवटच्या वर्षात अर्ध्यावर. बेळगावात खोली घेऊन राहायची ऐपत अकरांत दोघांची.

सोमवारी सर नेहमीसारखे खडू घेऊन आले. खोतानं धीर करून विचारलं. सर फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "तिथली जागा भरली रं," आणि लोकसंख्येची घनता काढायला लागले. आम्ही सुटलो. वर आम्ही असाही निष्कर्ष काढला की सरांनी मुलाखतीत अध्यक्षांनाच "कुठनं आलासा?" विचारलं असणार आणि त्यांनी दार दाखवलं असणार. मी तर त्या मुलाखतीची नक्कल बसवली. सर खुर्चीतनं उठतात, अध्यक्षांच्या हातात फॉर्म देतात, अध्यक्ष शिपायाला हाक मारतात. लोक पोट धरून हसायचे. ती नक्कल मी गॅदरिंगला केली, लग्नाकार्यात केली, वीसेक वर्षं केली.

नशीब बघा, पुढं मी त्याच विभागात सरांच्या हाताखाली लागलो. तोवर षटकोनांची पाळी आली होती. बाजाराच्या गावाभोवतीचं क्षेत्र षटकोनी असतं, असं कुणा परदेशी विद्वानानं म्हणून ठेवलंय. सरांनी निपाणीभोवती षटकोन आखला आणि त्याच आठवड्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, साडी घ्यायला कोल्हापूरला गेल्या. सर दारातच म्हणाले, "तू षटकोन मोडलास." काकू म्हणाल्या, "इथं काठ चांगले मिळत न्हाईत." सरांनी 'काठ' हे कारण कोणत्या नंबरात बसतं यावर दोन दिवस विचार केला.

मग आकडे वाईट ठरले आणि अनुभूती आली. जागा वेगळी, ठिकाण वेगळं, ठिकाण मनात असतं. सरांनी पोरांना बसस्टँडवर नेऊन डोळे मिटून बसवलं. पंधरा मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा दोघांच्या चपला गेल्या होत्या. "काय जाणवलं?" सरांनी विचारलं. एकजण म्हणाला, "पाय भाजायल्यात." सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

शेवटी कॉम्प्युटर आला. त्यात वरनं, उपग्रहातनं सगळं दिसतं म्हणे. आमचं कॉलेज त्यात उसाच्या फडात निघालं. मी वैतागून कपाळाला हात लावला. सर शांत. पन्नास-साठ वर्षांत विद्वानांनी काय केलं? माणूस इथंच का राहिला, हा एकच प्रश्न दर पिढीला नवे कपडे घालून उभा केला, आणि आमच्या सरांनी प्रत्येक वेळी त्याला नव्यानं चहा पाजला.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी विभागांची तपासणी करायला समिती आली. अध्यक्षांनी विचारलं, "या विभागाचा प्रभाव काय? पुरावा दाखवा." सरांनी चाळीस गठ्ठे फॉर्म दाखवले. अध्यक्ष म्हणाले, "हे नव्हे. प्रभाव." सवयीनं सरांच्या तोंडातनं निघून गेलं, "आपण कुठनं आलासा?" "धारवाडहून." "कशासाठी?" अध्यक्ष चांगला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "विभाग बंद करावा का, ते बघायला." सरांनी खिशातनं पेन काढलं आणि परत ठेवलं.

सर निवृत्त झाल्यावर मी विभाग कसाबसा रेटला. नावं बदलली, जाहिराती केल्या, फाटकात उभा राहिलो. यंदा पटावर चौघं. जूनपासून कुलूप, असं पत्र आलं. ते सरांना कसं सांगावं हा मला मोठा घोर होता, कारण तेही निपाणी सोडून पुण्याला मुलीकडं निघाले होते. चार पोरांचं शेवटचं सर्वेक्षण चालू होतं, 'बाहेरून येऊन निपाणीत राहिलेली माणसं'. एक फॉर्म कोरा होता. तोच घेऊन परवा दुपारी गेलो.

घरात खोकी बांधून ठेवलेली. काकू आत भांडी गुंडाळत होत्या. मी पत्राचं सांगून टाकलं. सर माझ्या हातातल्या कागदाकडं बोट करून म्हणाले, "त्यो कुणाचा?"

"तुमचा, सर. कुठनं आलासा?"

सर खुर्चीत ताठ बसले. "तुमी कुठल्या सरकारचं?" आणि कितीतरी दिवसांनी हसले. "ल्ही. खासबागेतनं."

"कशानं?"

"बसनं. उभ्यानं."

"कशासाठी?"

"नोकरी. एक."

"दुसरीकडं का गेला न्हाईसा?" मी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता 'संधी नव्हती, पाच' लिहायला लागलो.

"पाच नको. टिळकवाडीचं पत्र आलतं न्हवं? नेमणुकीचं."

"सर, ती जागा भरली होती."

"भरली की. मी न्हाई म्हटल्यावर."

माझं पेन थांबलं. ज्या मुलाखतीत सर नापास झाले म्हणून मी वीस वर्षं लोकांना हसवलं, तीत सर पास झाले होते. आत काकूंची भांडी वाजायची थांबली होती. मी कसंबसं विचारलं, "आणि आई? खासबागेत एकटी…"

"ते इचारू नको. प्रश्न चारच हाईत." सर खिडकीकडं बघत म्हणाले. "नऊ टाक."

"सर, इतर म्हणजे आळस."

"मग आण हिकडं. तपशील देतो."

त्यांनी पेन घेतलं आणि त्या एवढ्याशा रेघेवर बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. आवटे, बोरगाव. कांबळे, कोगनोळी. रेघ संपली. मग समासात, कागद आडवा करून, कडेकडेनं. कुंभार. खोत. चौगुले. देसाई. पाटील, बेनाडी. पाटील, भोज. मस्टरचा क्रम, गावासकट, एकही नाव न अडखळता. अकरावं नाव वरच्या कोपऱ्यात, कॉलेजच्या शिक्क्याच्या जागी बसवलं. मला रडू फुटलं, आणि ते लपवायचं मी मुळीच मनावर घेतलं नाही.

सरांनी कागद माझ्याकडं सरकवला. "रडतोस काय? कोड टाक," म्हणाले. "नऊ."