अब्बांचं स्टूल

सुतार जुन्या स्टुलाला पॉलिश लावत होता आणि ते बघून मला संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या उस्मानाबादेतली एक सकाळ आठवली.

अब्बा सरकारी कचेरीत कारकून होते. मुसलमान म्हणून आपली बढती डावलली, अशी त्यांनी वर तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी साहेबानं त्यांची खुर्ची काढून घेतली. त्याच्या पुढच्या सकाळी अब्बांनी शेरवानी चढवली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल खांद्यावर घेतलं.

"लोक हसतील की," अम्मी म्हणाली.

"हसू दे. हा उभं राहून थकंल आन् राजीनामा दील, असं वाटतंय साहेबाला."

भर बाजारातून ते ताठ मानेनं गेले. निवृत्त होईपर्यंत त्याच स्टुलावर बसले.

"मावशी, स्वयंपाकघरात ठेवू का?" सुतारानं विचारलं.

"न्हाय, बैठकीत ठेव. माझ्या अब्बांची सरकारी खुर्ची हाय ती."