तात्यांवरचा साखरेचा आळ

सलूनवाले तात्या बोलण्यात कोणाला हार जाणारे नव्हते. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायचा अवकाश, की कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची. घरात मात्र गेलं वर्षभर त्यांची बोलती बंद होती, कारण त्यांच्यावर चोरीचा आळ होता. आणि तो घेतला होता खुद्द त्यांच्या बायकोने.

झालं होतं असं. तात्यांचा मधुमेह जुना. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन तात्या जेवणाआधी स्वतःच पोटावर टोचून घ्यायचे. सुरुवातीला साखर शहाण्यासारखी खाली आली. मग तिचं काय बिनसलं कोण जाणे! आज आभाळाला टेकलेली, तर उद्या इतकी खाली की तात्यांना दरदरून घाम फुटायचा. डॉक्टरांनी डोस वाढवून पाहिला. तरी तीच तऱ्हा.

"चोरून गोड खाता तुम्ही," काकूंनी निकाल दिला. तात्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकूच म्हणायची.

"अगं, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ नको. तोंड उघडा."

आणि काकू खरोखरच तोंडाचा वास घ्यायच्या. बिस्किटांचा डबा कुलपात गेला. रडणाऱ्या पोरांसाठी सलूनमध्ये चॉकलेटची बरणी असायची, तीही त्यांनी एक दिवस येऊन उचलून नेली. तेव्हापासून पोरं केस कापताना असं भोकाड पसरायची, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत दात उपटतायत.

तात्यांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. पण आत कुठेतरी ते लागायचं. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि आपल्या शब्दाला काडीचीही किंमत नाही?

शेवटी डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत पाठवलं. मधुमेहाच्या पेशंटांना इन्सुलिन कसं घ्यायचं हे शिकवणाऱ्या सिस्टर तिथे बसायच्या. काकू अर्थातच सोबत होत्या, साक्ष द्यायला.

"सिस्टर, यांना जरा दम भरा. तोंडावर ताबा नाही यांचा."

"दम नंतर. आधी पोट दाखवा."

"पोट?" तात्या म्हणाले. "गुन्हा तर तोंडाचा आहे म्हणे."

सिस्टर हसल्या. तात्यांना कॉटवर झोपवून सिस्टरांनी बोटं सपाट धरली आणि पोटावरून हळूहळू फिरवली. बेंबीच्या उजवीकडे बोटं थांबली, जरा मागे गेली, पुन्हा थांबली.

"रोज इथेच टोचता?"

"हो. ही जागा गुणी आहे. टोचलेलं कळतसुद्धा नाही."

"कळणार कसं? हात लावून बघा."

तात्यांनी हात लावला. कातडीखाली लिंबाएवढा, रबरासारखा फुगवटा होता. रोज त्याच जागी सुई जात होती, पण चाचपून पाहायचं कधी सुचलंच नव्हतं.

"एकाच जागी टोचत राहिलं, की चरबीची अशी गाठ धरते," सिस्टर म्हणाल्या. "तिथे दुखत नाही, पण औषधही धड रक्तात जात नाही. कधी अडकून बसतं, कधी भलत्याच वेळी सुटतं. मग साखरेने नाचायचं नाही तर काय करायचं?"

तात्या ताडकन उठून बसले. "म्हणजे मी चोरून खात नव्हतो!"

"ते मला काय ठाऊक? पण एवढ्या गाठीमुळे काही न खातासुद्धा साखर अशी वरखाली होऊ शकते."

"न खातासुद्धा?" काकूंनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"न खातासुद्धा."

काकूंनी पर्स उघडली, आत पाहिलं आणि काहीच न काढता बंद केली.

"सुई कितीदा वापरता?" सिस्टरांनी पुढचा प्रश्न टाकला.

"बोथट होईपर्यंत," तात्या ऐटीत म्हणाले.

"आणि दाढीचं ब्लेड? किती गिऱ्हाइकांना?"

"काय बोलता! प्रत्येकाला नवं." एवढं बोलून तात्यांनी स्वतःच जीभ चावली. "आलं लक्षात. सुईही दरवेळी नवी."

मग सिस्टरांनी बोटानेच त्यांच्या पोटावर आडवी-उभी रेघ ओढली. पोटाचे चार भाग. एक आठवडा एका भागात, पुढचा आठवडा दुसऱ्यात. प्रत्येक सुई आधीच्या सुईपासून बोटभर लांब. बेंबीपासून दोन बोटं जागा सोडायची. मांडीचा बाहेरचा भागही चालेल. गाठीला मात्र सुई लावायची नाही, ती आपोआप उतरायला महिने लागतील.

"आणि हे नीट ऐका. चांगल्या जागेतून औषध पूर्ण लागू पडेल, तेव्हा साखर झपकन खाली येऊ शकते. डोस किती कमी करायचा ते डॉक्टर सांगतील. तुम्ही साखर जास्त वेळा तपासा, आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या नाहीतर साखर ठेवा."

"ऐकलंस?" तात्या काकूंना म्हणाले. "खिशात साखर! सिस्टरांचा हुकूम."

डॉक्टरांनी डोस उतरवला. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून झाला आणि तात्यांचा हात थरथरू लागला. पाठीवर घाम, डोळ्यांपुढे काजवे. त्यांनी वस्तरा मुकाट्याने खाली ठेवला, खिशातली साखर तोंडात टाकली आणि बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईकही भला माणूस. तोंडभर फेस घेऊन तो पाण्याचा ग्लास धरून उभा राहिला. थोड्या वेळाने तात्या सावरले. साखर तपासून ठीक आल्यावरच त्यांनी दाढी पुरी केली, आणि लगेच डॉक्टरांना कळवलं. डोस आणखी उतरला, आणि त्यानंतर साखर ताळ्यावर आली.

सलूनमध्ये घाम फुटला, त्याच संध्याकाळी मांडीत पहिली सुई घ्यायची होती. तात्यांचा धीर होईना. काकू शेजारी येऊन बसल्या.

"मी उगाच तुमच्यावर आळ घेत होते," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर काय, या भीतीने डोकं चालेना माझं."

तात्यांच्या तोंडात आलेली थट्टा तिथेच विरली. त्यांनी सुई टोचली, मनात दहा मोजले आणि बाहेर काढली. "दुखलं नाही गं," ते म्हणाले. काकू पटकन स्वयंपाकघरात गेल्या आणि दोघांना पुरेल एवढा बिनसाखरेचा चहा टाकून आल्या.

पुढे काही महिन्यांनी सिस्टरांनी पोट तपासलं, तर गाठ पुष्कळ उतरली होती. तात्यांना तर गिऱ्हाइकांसाठी नवा विषयच मिळाला. कोणाला इन्सुलिन आहे असं नुसतं कानावर आलं, की ते सांगायचे, "सिस्टरांना पोट दाखवून या. मी फक्त डोक्याचं बघतो."

एका दुपारी समोरच्या सलूनचा मालक रस्ता ओलांडून आत आला. त्याच्याशी तात्यांचं वर्षानुवर्षं वाकडं होतं. तो अवघडून खुर्चीत बसला आणि आरशातूनच हळू आवाजात म्हणाला, "माझीही साखर आवरत नाही हो. त्या सिस्टरांची खोली कुठेशी आहे?"

तात्यांनी कात्री खाली ठेवली. "पत्ता सांगून सापडायची नाही. चला, मीच येतो," असं म्हणत त्यांनी शटर ओढलं, आणि दोघे दवाखान्याच्या वाटेला लागले.