मामांच्या व्हॅनचं छत

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला छतमामांची शेड होती. जुन्या गाड्यांचं आतून लोंबलेलं छत ते पुन्हा ताठ बसवून द्यायचे, म्हणून छतमामा. आणि अख्ख्या तालुक्याची छतं ताणून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या व्हॅनचं छत मात्र त्याच्याच डोक्यावर आलेलं! एका हाताने स्टिअरिंग धरायचं आणि दुसऱ्या हाताने ते कापड वर सारायचं, अशी त्यांची गाडी चालवायची तऱ्हा. टेम्पोवाले हसायचे, "मामा, पहले अपना तो ठीक करो!" मामा शांतपणे म्हणायचे, "त्याचं काम चालू हाय." मी त्यांना सहा वर्षं ओळखत होते. सहाही वर्षं ते काम चालूच होतं.

आमची ओळखच मुळी भांडणाने झाली. मी मनोरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझे हे वारल्यावर ह्यांची जुनी गाडी मी चालवायला लागले, पालघर ते मनोर, रोज. वर्षभरात छताचं कापड सुटलं आणि माझ्याबरोबर येणाऱ्या, मागे बसणाऱ्या शाळेतल्या बाईंच्या अंबाड्याला लागायला लागलं. फोमचा पिवळा भुगा साड्यांवर पडायचा. मी टाचण्या मारून पाहिल्या, तर त्यातली एक माझ्याच डोक्यात टोचली. त्याच तिरमिरीत गाडी मामांकडे नेली आणि फर्मावलं, "जुनं फाडून फेका, नवं लावा. संध्याकाळी येते."

"नाय बाई," मामा म्हणाले. "जुनं कापड मालकानं आत बसून बगितल्याशिवाय मी हात लावत नाय."

"त्यात बघायचंय काय? चिंधी झालीय त्याची!"

"तरी बसा."

असा राग आला मला! वर्गात मी 'बसा' म्हणते, आणि इथे हा म्हातारा मला बसवत होता. पाय आपटत आत बसले, वर पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर वर, कापडावर तळहाताएवढा तेलकट डाग. ह्यांची उंची भलतीच आणि डोक्याला खोबरेल चोपडायची सवय. त्या तेलावरून मी लग्न झाल्यापासून कटकट केली होती. ह्यांच्या उशा टाकल्या, टॉवेल टाकले आणि उरलेला हा डाग रोज माझ्या डोक्यावर होता, तर मी वर बघितलंच नव्हतं. मी रडले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मामांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि ते पाठ करून उभे राहिले.

मग म्हणाले, "तेवढा गोल कापून काढू. छताचा पुठ्ठा असतो ना, त्याच्या वरच्या अंगाला चिकटवतो. पुठ्ठा आनी पत्रा यांच्या मधी. दिसायचा नाय. पन असेल."

दिवसभर मी तिथेच स्टुलावर बसून त्यांचं काम पाहिलं. पुठ्ठा बाहेर काढून त्यांनी सडलेला फोम ब्रशने खरवडला, सोल्युशन लावलं, ते बोटाला जेमतेम चिकटेल इतपत वाळू दिलं आणि नवं कापड मधून काठाकडे तळव्याने दाबत नेलं. "काठाकडून मधे आलं की हवा अडकते," म्हणाले. "मंग ती कायम राहते, घरात कोण रुसून बसल्यासारकी." मी विचारलं, हा बसून बघण्याचा नियम कुठून काढलात? त्यांनी हात पुसले आणि सांगितलं.

मामा मूळचे नवापूरचे, बोईसरजवळच्या कोळ्यांच्या गावचे. बायको बोईसरच्या बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी, विकायची. रोज पहाटे टोपल्या घेऊन ती व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी बसायची. व्हॅनचं छत लोंबायला लागलं. मामा गिऱ्हाइकांच्या कामातून सवड काढीनात. शेवटी एका दुपारी तिनेच जाळं विणायची लाकडी सुई आणि नायलॉनचा दोरा घेतला आणि कापड वरच्या पट्ट्यांना शिवून टाकलं. आता छत कधी शिवतात का? ते चिकटवायचं असतं. भोकं पडली, दोऱ्याच्या जाड गाठी दिसायला लागल्या. "कोळनीनं छताचं जालं करून ठेवलं!" असं म्हणून मामांनी चारचौघांत तिची टिंगल केली. गिऱ्हाइकं काय म्हणतील म्हणून दुसऱ्याच दिवशी ते कापड उपटलं, शेडमागे चिंध्यांबरोबर पेटवून दिलं आणि जागी दुसरं लावलं. त्या पावसाळ्यात ती तापाने गेली.

"तिच्या हातचं तेवडंच व्हतं बाई गाडीत," मामा म्हणाले. "आनी मी बगितलंसुदा नाय."

त्यानंतर बोईसरला गेले की माझी शेडवर एक चक्कर ठरलेली. व्हॅनमधल्या बाजूच्या सीटवर मामा कोणाला बसू देत नसत. एकदा म्हणाले, "आज परत म्हावऱ्याचा वास आला गाडीत. आता तर मी बोंबील पन नेत नाय." मी विज्ञानाची बाई, लगेच समजावलं, की वास पायाखालच्या मॅटमध्ये मुरतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅट तीनदा बदलली." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपार होती, रस्त्यावर ट्रकांची रीघ लागली होती, तरी आला.

मग त्यांनी एक नवीनच खूळ घेतलं. चहाचा कप डाव्या हाताने उचलायचे. निम्मा चहा बनियनवर. कात्रीही डाव्या हातात. मी विचारलं, "उजव्याला काय झालं?"

"कुटं काय? डाव्याला शिकवतोय."

"या वयात? पहिलीत नाव घालू का तुमचं?"

तेव्हा मामा खळखळून हसले होते. मीही हसले आणि विसरून गेले.

या थंडीत मामा गेले. कळल्यावर मी नवापूरला त्यांच्या बहिणीकडे भेटायला गेले. व्हॅन अंगणात उभी होती. मी आत बसू का विचारलं. बहीण म्हणाली, "बसा की." आणि स्वतः दारापाशी उभी राहिली. वर पाहिलं. छताला शेकडो भोकं होती. शिवलेलं, उसवलेलं, पुन्हा शिवलेलं. मागच्या बाजूला उजव्या हाताचे नेटके टाके, सगळे उसवलेले. त्यांच्या पुढे उलट्या बाजूला कललेले, लहान मुलाने काढावेत तसे वेडेवाकडे टाके. तेही उसवलेले. हे होतं तर मामांचं चालू काम. आणि रिकाम्या सीटच्या वर एकच ओळ शाबूत, तशीच उलटी कललेली, पण सरळ, घट्ट गाठींची. तेवढ्या जागी कापड लोंबत नव्हतं.

बहिणीने आत वाकून त्या ओळीवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

"ह्यो दादाचा हात नाय," ती म्हणाली. "वैनी डावरी व्हती. अशी उलटी गाठ आमच्या आळीत कोनाचीच नाय. तीस वरसं तिच्या बाजूला बसून जाली विनली मी, मला कलत नाय? ह्यो वैनीचा टाका हाय." मग हळूच, "दादाला सांगायला पायजे व्हतं, वैनी येऊन गेली म्हनून."

तो टाका मामांच्याच डाव्या हाताचा, हे मला माहीत होतं. चहाने भिजलेलं ते बनियन मी पाहिलं होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती दोन्ही हात जोडून त्या सीटकडे बघत उभी होती, आणि गाडीत म्हावऱ्याचा वास येत होता. नवापूरच ते, वास येणारच, असं मी स्वतःला समजावलं. त्या बाईला काही सांगितलं नाही.

परतताना बोईसरच्या फाटकापाशी थांबावं लागलं. माझा हात आपोआप वर गेला, डोक्यावरच्या कापडाला टेकला. छत ताठ होतं, मामांनी बसवलं होतं तसंच. तरी पालघरपर्यंत मी एका हातानेच गाडी चालवली.