दोघी विहिणी आणि दीपगृह

नवऱ्याला ऐनवेळी रजा नाकारली गेली तेव्हा मी म्हणाले, मग मीच या दोघींना घेऊन जाते. दोघी म्हणजे माझी आई आणि माझी सासू. आई केमजवळच्या आमच्या वस्तीवरची, सगळा जन्म शेतात गेलेला. सासूबाई सोलापूर शहरातल्या. नवरा त्यांना कानडी पद्धतीने अव्वा म्हणतो, म्हणून मीही अव्वाच म्हणते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलांचे गठ्ठे घरी यायचे आणि अव्वा मशीनवर त्यांच्या कडा शिवायच्या. त्यावर त्यांनी घर चालवलं.

आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. त्यावरून भांडण झालं नाही, पण दोन्ही घरांत मोकळेपणाही आला नाही. सणावाराला आई सोलापूरला आली की दोघी समोरासमोर अवघडून बसायच्या. "विहीणबाई, चहा घ्या." "नको, आत्ताच झाला." एवढं बोलून व्हायचं आणि आई संध्याकाळच्या गाडीने परत. एक रात्र कधी राहिली नाही. अशा दोघींना बसमध्ये बसवून मी कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला नेलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला धाकधूकच जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या दारात गाडी उभी राहिली आणि धाकधूक गेली. नवऱ्याने फोनवरूनच ती दिवसभरासाठी ठरवली होती. पांढरी, मोठी, नुकती धुतलेली. ड्रायव्हर पन्नाशीचा, तिथलाच. त्याने खाली उतरून अदबीने मागचं दार उघडलं, तर दोघी एकदम मागे सरल्या. आधी तुम्ही, नाही, आधी तुम्ही. शेवटी मी मधे बसले. अव्वांनी नवी इरकल नेसलेली, आईने पिशवीत भाकरी घेतलेली. आपल्याला कुणीतरी गाडीतून फिरवतंय, कुठं उतरायचं ते विचारतंय, याचंच तिघींना इतकं अप्रूप होतं की पहिला अर्धा तास आम्ही नुसत्या हसत होतो. आईने एसी बंद करून काच खाली करायला लावली. खारा वारा आत आला तशी तिने पदर तोंडावर न घेता तसाच उडू दिला.

पहिला राजवाडा. ड्रायव्हरने वाटेतच सांगितलं होतं की इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाचं राज्य काढून घेऊन त्याला राणीसकट इथं आणून ठेवलं, त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि राजा इथंच वारला. टेकडीवरची तांबडी इमारत, अर्धगोल खिडक्या, त्यात रंगीत काचा. आत अव्वा एका खिडकीपाशी थांबल्या आणि लादीवर पडलेल्या रंगीत उजेडात हात धरून बघू लागल्या. आईने विचारलं, एवढ्या मोठ्या घराची झाडलोट कोण करत असेल? ड्रायव्हर हसला. अव्वा हळूच म्हणाल्या, परमुलखात राजाला कसं करमलं असेल.

"राजाचं सोडा," आई म्हणाली. "राणीला बोलावंसं वाटलं तर ती कुणासंगं बोलायची? तिची भाषा कुणाला यायची न्हाय."

अव्वांनी तिच्याकडे वळून बघितलं. पुढच्या दालनात दोघी एकत्रच गेल्या. मी मागून.

दुपारी ड्रायव्हरने एका खाणावळीपाशी गाडी थांबवली. शेजारच्या टेबलावर तळलेल्या सुरमईचं ताट आलं आणि आईची नजर तिकडे गेली. अव्वांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आई म्हणाली, मला काय बी चालतं, आणि अव्वांसारखीच भाजी, भात मागवला. ते मी बघितलं.

दीपगृह संध्याकाळी उघडलं. मी मोठ्या तोऱ्यात तिकिटं काढली आणि म्हणाले, तुम्ही खाली बसा, गुडघे दुखतील, मी वरून फोटो काढून आणते. दोघींनी ऐकलं नाही. मी पुढे निघाले. गोल जिन्याचे दोन वेढे चढून खाली नजर टाकली आणि पाय जागीच थिजले. मला उंचीची भीती आहे हे माहीत होतं. इतकी आहे हे माहीत नव्हतं. भिंतीला धरून मी परत खाली आले.

"तू बस," आई म्हणाली. "आमी जाऊन येतो." आणि अव्वांचा हात धरून ती चालायला लागली.

आमी. आईच्या या शब्दात मी नसून अव्वा होत्या. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ड्रायव्हरबरोबर मी बाहेर मान वर करून उभी. बराच वेळ काही दिसेना. मग वरच्या सज्ज्यात दोन पदर फडफडताना दिसले, एक इरकलीचा, एक आईच्या हिरव्या लुगड्याचा. आई समुद्राकडे हात करून काहीतरी दाखवत होती आणि अव्वांनी तिच्या कमरेला घट्ट धरलं होतं. मी खालून ओरडले, दोन्ही हात हलवले. त्यांचं लक्षच नव्हतं.

खाली आल्या त्या घामाने भिजलेल्या, आणि हसण्यामुळे धड बोलता येत नव्हतं. तुटक तुटक कळलं ते एवढंच, की शेवटच्या लोखंडी शिडीवर अव्वांची साडी अडकली, वरून दीपगृहाचा माणूस ओढत होता आणि खालून आई ढकलत होती. वर काय बोलल्या ते दोघींनीही सांगितलं नाही. अव्वा सरळ ड्रायव्हरपाशी गेल्या.

"मघाच्या खाणावळीत चला. ह्यांना मासा खायचाय."

आई ओशाळली. "आवो, राहू द्या की."

"मी सोलकढी पिते की. तुम्ही खावा. तुमच्या ताटात बघत बसणार न्हाय मी."

बघितलं मात्र पूर्ण वेळ. काटा नीट काढा, सावकाश खावा, असं सांगत राहिल्या. आईने दोन तुकड्या खाल्ल्या आणि बोटं चाटली, माझ्या सासूसमोर. परतताना दोघींनी मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलं. मागे दोघी एकमेकींना पुरं बोलू देत नव्हत्या. बाहेर समुद्रावर होड्यांचे दिवे लागत होते. मी काच खाली करून वारा खात बसले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

या हिवाळ्यात अव्वा हुरड्याला केमला गेल्या. एकट्याच, रेल्वेने, मी सोलापूर स्टेशनवर बसवून दिलं. दोन दिवसांत येते म्हणाल्या होत्या. आठवडा झाला तरी येईनात, म्हणून मी आईला फोन केला आणि अव्वांना द्यायला सांगितलं.

"ती रानात गेलीया," आई म्हणाली, "आणि मी बी निघालेय तिकडंच. रात्री कर फोन."