घरघरीवरची चिठ्ठी

अंबडच्या एस.टी. स्टँडसमोर, चहाच्या टपरीला खेटून तातेरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, अडीच हात रुंदीची फळी, तिच्यावर पोट उघडं टाकून पडलेले रेडिओ आणि त्यांच्यामागं मान खाली घालून बसलेला एक सडसडीत माणूस. गावात नाटक आलं की लाउडस्पीकरही तेच लावत. राजाच्या वेशातला नट छाती फोडून बोलायचा, टाळ्या घ्यायचा. पण त्याचा आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या कानात नेऊन घालणारा माणूस विंगेत तारा सांभाळत उभा असायचा. त्याचं नाव कधी कुठल्या जाहिरातीवर छापलं गेलं नाही.

हे काम ते जालन्याला एका उस्तादाकडं शिकले. उस्तादाच्या हातात जादू होती, पण मन कोतं. नेमकी नाजूक जोडणी आली की तो तातेरावांकडं पाठ करून बसायचा. चार वर्षं तातेरावांनी विद्या कमी आणि पाठच जास्त पाहिली. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की आपण कुणाकडं अशी पाठ करायची नाही.

म्हणून त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. एखादा बिघाड सापडला, त्यावर इलाज लागला, की जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चार ओळी लिहायच्या, शेजारी लहानशी आकृती काढायची आणि चिठ्ठी कंडक्टर साहेबरावांच्या हाती द्यायची. खाली ठरलेलं वाक्य असे : वाचा, उतरवा, पुढं द्या. तीर्थपुरीचा कारागीर ती उतरवून परतूरला धाडी, परतूरचा आणखी पुढं. कधी भोकरदनकडूनही एखादा नवा इलाज उलटा अंबडला येई, आणि त्या दिवशी तातेराव चहावाल्यालाही तो वाचून दाखवत.

त्यांची बायको कौसल्या म्हणायची, “जल्मभर खपून शिकल्यालं फुकट वाटून राह्यले. उद्या तुमच्याकडं कोण येईल?”

“नको येऊ दे. त्यांच्या गावातच रेडिओ बोलंल.”

“मंग आपण काय चिठ्ठ्या उकडून खायच्या का?”

“मीठ बराबर पडलं तर बऱ्या लागतील,” तातेराव म्हणत.

या चिठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त जीव होता धावड्याच्या पुंजारामचा. त्यानं उस्ताद कसा तो कधी पाहिला नव्हता. जे शिकला ते चिठ्ठ्यांवरूनच. दोनदा तीन गाड्या बदलून तो अंबडला आला होता, तातेरावांच्या फळीपाशी दिवसभर बसला होता. “तुमची चिठ्ठी आली की मी जेवत न्हाई,” तो हसत म्हणाला होता. “उषा म्हणती, सवत आली.”

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तातेरावांनी घरघरीवरची चिठ्ठी लिहिली. यंत्रात घरघर येत असेल तर आतल्या पत्र्याला तार जोडावी, बाहेर काढून जमिनीतल्या खिळ्याला बांधावी. जमीन कोरडी असेल तर खिळ्याशी तांब्याभर पाणी ओतावं. आवाज साफ येतो. इलाज पक्का होता. लाउडस्पीकरच्या यंत्रावर त्यांनी तो दहा वेळा करून पाहिला होता.

महिन्याभरात साहेबराव गाडीतून उतरले ते हातात टोपी घेऊन. “तातेराव, धावड्याचा पुंजाराम गेला. पंचायतीचा रेडिओ दुरुस्त करताना करंट लागला.”

दुसऱ्या दिवशी तातेराव धावड्याला निघाले. वाटभर त्यांची एकच आस होती : पुंजारामनं चिठ्ठी उतरवताना एखादी ओळ गाळली असेल. कुणी मेलेल्या माणसाची चूक निघावी म्हणून देवाला विनवतं का? तातेराव त्या गाडीत विनवत होते.

पुंजारामच्या बायकोनं, उषाबाईनं, कोनाड्यातून चिठ्ठी काढून दिली. पुंजारामच्या अक्षरात अख्खी उतरली होती, एक काना कमी नाही. जी ओळ त्यात नव्हती, ती मूळ चिठ्ठीतही नव्हती. लाउडस्पीकरच्या यंत्रात ट्रान्सफॉर्मर असतो, तो बाहेरचा करंट पत्र्यापर्यंत येऊ देत नाही. स्वस्तातल्या रेडिओत तो नसतो. तिथं प्लग उलटा बसला की आतला पत्राच जिवंत होतो, त्याच्यात आणि त्याला जोडलेल्या तारेत करंट उतरतो. पंचायतीचा रेडिओ त्यातलाच होता.

“वैनी, चूक माझी हाय,” तातेराव म्हणाले. “असल्या रेडिओला हे करायचं न्हाई, हे म्या लिव्हलंच न्हाई.”

“का न्हाई लिव्हलं, भाऊ?”

“समद्यांना ठावंच असतं, असं वाटलं.”

उषाबाई म्हणाली, “त्यांना कसं ठावं असंल? त्यांना तर निस्ते तुमीच ठावं व्हते.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “टँकरचं पाणी व्हतं. प्यायच्या घागरीतून तांब्या भरून नेला त्यांनी खिळ्याला ओतायला. म्या त्याच्यावरून बोलले त्यांना. त्येच आखरीचं बोलणं.”

तातेराव उठले. निघताना ती म्हणाली, “अजून किती जणांकडं हाय ही चिठ्ठी? आधी ती माघारी आणा. माझी समजूत नका घालू.”

तातेरावांनी तेच केलं. दोन महिने दुकान बंद ठेवून गावोगाव फिरले, चौदा चिठ्ठ्या गोळा करून जाळल्या. नवी, धोक्याची चिठ्ठी लिहून सगळीकडं पाठवली. पण ती काही पुढं सरकली नाही. इलाज माणसं हौसेनं उतरवून घेतात. काय करू नये, ते वाचतात आणि खिशात ठेवतात. त्यानंतर तातेरावांनी चिठ्ठी लिहिली नाही. कुणी विचारायला आलं, तर समोर बसवून, त्याचा हात हातात धरून दाखवत.

पाच वर्षांनी एका लग्नासाठी ते तीर्थपुरीला गेले होते. बाजारात एका नव्या दुकानातला रेडिओ खणखणीत गात होता, आणि त्याच्या पाठीतून एक तार निघून ओल्या मातीत गेली होती. तातेरावांनी आधी बटण बंद केलं.

“ओ बाबा, काय करून राह्यले?” दुकानदार वसंता ओरडला. “आवाज बिलकुल साफ आल्ता!”

“तार काढ ती. प्लग उलटा बसला तर मरशील.”

“तुम्ही लय शाणे का? ही अंबडच्या तातेरावांची चिठ्ठी हाय.” त्यानं काचेखाली ठेवलेला कागद दाखवला. अक्षर तातेरावांनी कधी न पाहिलेलं होतं.

“मीच तातेराव,” ते म्हणाले, आणि फळीवर बसून त्यांनी पुंजारामची सगळी हकिकत सांगितली. तांब्याचीसुद्धा. वसंताचा चेहरा उतरत गेला. त्यानं गुमान तार सोडवली, काचेखालचा कागद काढून त्यांच्या हातात दिला.

“अजून कुणाला दिलीस?”

“पाच जणांना उतरवून दिली.”

“नावं सांग.”

वसंतानं दोन नावं सांगितली, गावंही सांगितली. मग थांबला. बाकीचे तिघं बाजाराच्या दिवशी दुकानाशी उभे राहून उतरवून घेऊन गेले होते. त्यांचं गाव विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.