लाल पान आलं की मागे फिरायचं

माझ्या मुलांनी माझ्या भावाचं नाव कुलूपमामा ठेवलं होतं. रक्त तपासणाऱ्या लॅबची वेबसाइट तो सांभाळायचा. साइटच्या पत्त्याशेजारी बारीकसं कुलूप दिसतं ना, त्यामागे एक प्रमाणपत्र असतं. मुदत संपायच्या आत ते बदलायचं, हे दादाचं काम. बदललं तर कुणाला पत्ताही लागत नाही आणि राहिलं तर साइटच्या जागी धोक्याचं लाल पान येतं आणि सगळे खायला उठतात. असल्या कामाला यश कसलं येणार! पण दादाला त्याचा कोण अभिमान.

आमच्याकडे जेवायला आला की त्याची शिकवणी सुरू. "लाल पान आलं, 'सुरक्षित नाही' असं दिसलं, की मागे फिरायचं. खाली 'तरीही पुढे जा' असतं, त्याला बोट लावायचं नाही. कोणी का सांगेना!" मुलं त्याच्या नकला करायची. आई मात्र मन लावून ऐकायची. तिला एकदा कुणीतरी फोनवरून गंडवलं होतं, तेव्हापासून दादाचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

किडनीचं दुखणं तिला जुनंच. त्या आठवड्यात पायांतलं बळ गेल्यासारखं झालं, म्हणून शुक्रवारी दादाच्याच लॅबमध्ये रक्त दिलं. त्याच दिवशी दादाने नवं प्रमाणपत्र सर्व्हरवर चढवलं होतं. ते लागू व्हायला सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागतो. साहेब म्हणाले, "आत्ता गर्दी आहे, संध्याकाळी कर. आधी दुसऱ्या शाखेतला प्रिंटर बघून ये." तो प्रिंटर जो मानगुटीवर बसला, तो दिवेलागणीपर्यंत. दादा तिथूनच घरी गेला. सर्व्हर डोक्यातून पार निघून गेला. जुन्या प्रमाणपत्राची मुदत त्याच रात्री संपली. पुढे दोन दिवस ऑफिसला सुट्टी, तक्रारीचा फोन उचलायलाही कुणी नाही. तो प्रिंटर अजून चालतो म्हणे. आग लागो त्याला.

शनिवारी आई मला म्हणाली, "लॅबच्या नावाने मेसेज आला होता, रिपोर्ट बघा म्हणून. उघडलं तर लाल पान. लगेच मागे फिरले. आता नाही फसायची मी."

"शाबास! दादाला विचारू का?"

"सोमवारी विचार गं. सुट्टीत त्याच्या डोक्याला ताप नको."

सोमवारी पहाटे आई गेली. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी दादा तिच्या पलंगावर बसला आणि तिचा फोन हातात घेतला. तोवर लॅबमध्ये कुणीतरी सर्व्हर बंद-चालू केला होता. त्याने मेसेजवर बोट ठेवलं. कुलूप अगदी जागच्या जागी होतं. रिपोर्ट उघडला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ताबडतोब इस्पितळात दाखल व्हा.

तो बराच वेळ वाचत राहिला. मग माझ्याकडे बघून लहान मुलासारखा रडायला लागला.

"तिने 'पुढे जा' का नाही गं दाबलं?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याला जवळ घेतलं.